भरताच्या वांग्यांची रोपं

कोजागिरीनंतरचा पहिला रविवार. हजर: मी, नवरा आणि सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अक्का म्हणतात. जागा: जळगावच्या घरामागचं अंगण.

हिवाळ्याच्या भाजीपाल्यासाठी वाफा कसा करायचा ते मी आदल्या दिवशीच यादी करून ठरवलं होतं. पर्माकल्चर या निसर्गशेतीच्या पद्धतीत माती खणायची नाही आणि उघडी ठेवायची नाही. ओला पुठ्ठा, त्यावर शेणखत, वर पाला. पाला नवऱ्यानं रावेरहून आणला होता, केळीची वाळलेली पानं, पोती भरून. पोती उघडली तसा अंगणभर गोडसर, जुनाट वास पसरला आणि ऑक्टोबरचं ऊनही मऊ वाटायला लागलं.

अक्का खुर्चीत होत्या. मांडीवर तुपाचा कापलेला डबा, डब्यात भरताच्या वांग्यांची मोजकी रोपं. बी त्यांच्या माहेरच्या वावरातलं. तिथं आता सगळी केळी आहे, वांगं कुणी लावत नाही. घरात जपलेलं बीही जुनं झालेलं. होतं नव्हतं ते सगळं पेरलं, तेव्हा एवढीच उगवली. ही गेली की ते वांगं संपलं. म्हणून माझा वाफा पटल्याशिवाय त्या डबा देणार नव्हत्या.

"हाई बठ्ठं काय शे? दिवाई उनी, लोके आंगन झाडतस. तू कचरा आथरस."

"अक्का, त्यानं ओल टिकते."

"उधई लागी ना, मंग तुनं पुस्तक वाची दाखाडजो तिले."

"उधई पुस्तक नही वाचत, हिनी यादी वाचस," नवरा म्हणाला. मायलेकरं हसली.

उधईची, म्हणजे वाळवीची, भीती खोटी नव्हती. मी पाला भिजवला, खाली निंबोळी पेंड टाकली, रोपांच्या जागी पुठ्ठा कापून वीतभर माती मोकळी ठेवली. नवरा पोती झटकायला बाहेर गेला. पाइपातून बारीक पाणी पडत होतं. अक्कांचा डोळा लागला होता, हात मात्र डब्याभोवती तसेच.

"मोटर बंद करी दे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पानी बांधवर गये."

आमच्याकडे मोटर नाही. मी नळ बंद केला आणि म्हणाले, "करी दी, अक्का." मी एरवी ती बोली बोलत नाही. क्षणभर कुंपणापलीकडची घरं मलाही दिसेनाशी झाली. नुसत्या हिरव्या ओळी होत्या, लांबवर, आणि ओल्या मातीचा वास.

त्या जाग्या झाल्या, सावकाश उठून आल्या आणि पाल्याखाली हात घातला. बराच वेळ ठेवला.

"थंडी शे माती," म्हणाल्या.

मग निम्मी रोपं माझ्या ओंजळीत दिली. "एवढा आठे लाव. बाकीना तठे, भिंतजोडे. चांगलं खनीसन, उघडी मातीमा. एक जागा गई ते दुसरी ऱ्हाई."

न खणणं हाच तर माझा पहिला नियम. पण सगळी रोपं एकाच वाफ्याच्या भरवशावर टाकायला माझंही मन होईना. ऊन उतरल्यावर मी माझी रोपं लावली, पाणी दिलं.

चार दिवस झाले, बाकीची अजून डब्यात आहेत, मुळं दाटायला लागली आहेत. शेजारून कुदळ आणून ठेवली आहे. भिंतीजवळची जागा खणायची राहिली आहे.