पाकीटबंद नाणं

धारला माझ्या आत्याकडे सोन्याची एक जुनी मोहर होती. कुणा पूर्वजाला दरबारातून मिळालेली, एवढंच आम्हाला ठाऊक. तिच्यावरची अक्षरं फारसी, म्हणजे घरात कुणालाच न वाचता येणारी. दर लक्ष्मीपूजनाला आत्या ती विड्याच्या पानावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि अंगठा फिरवून अक्षरं चाचपायची. डोळे अधू झाल्यावर तर तिची सगळी पूजा त्या अंगठ्यातच आली. कुंकू अक्षरांच्या खाचांत बसलं होतं, आणि ते पुसायचं नाही असा घरचा दंडक होता.

तिच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा तिने मोहर माझ्या हाती दिली. "तुझ्या लॉकरात ठेव. दिवाळीला मात्र आण हो, बाळ." मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

देवासला परतलो आणि मला शहाणपणाची उबळ आली. कारखान्यात मी खरेदी विभागात. वजन, शुद्धता, प्रमाणपत्र यांशिवाय मला काही दिसत नाही, आणि गुंतवणुकीचे सल्ले फुकट वाटायची भारी हौस. जुनं, हिणकस सोनं लॉकरात कशाला अडकवायचं, म्हणून मोहर घेऊन थेट सराफ्यात गेलो. सराफ भला माणूस. म्हणाला, "भिया, तोल का भाव तो मैं अभी दे दूँ, पर पुरानी चीज है, पहले किसी जानकार को दिखा लो." मी हसून विषय उडवला. मोहर दिली आणि चोवीस कॅरेटचं, मशीनवर पाडलेलं, प्रमाणपत्रासकट पाकिटात सील केलेलं नाणं घेतलं. वरचा फरक पदरचा घातला आणि आत्यावर उपकार केल्याच्या ऐटीत घरी आलो.

तिला विचारायचं सुचलंच नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. ती नाही म्हणेल, म्हणूनच विचारलं नाही.

दिवाळीला धारला जाऊन ते पाकीट पानावर ठेवलं. आत्याने अंगठा फिरवला आणि प्लास्टिक कुरकुरलं. मी घाईघाईने शुद्धतेचं पुराण सुरू केलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पाकीट तेवढं फाड, कुंकू लावायचंय."

"नको गं आत्या, पाकीट फाडलं की विकताना भाव उतरतो."

लक्ष्मीसमोर बसून मी हे बोललो. तिने पाकिटावरच कुंकू वाहिलं. ते घसरून खाली सांडलं, तेव्हा तिने चिमटीने गोळा करून पानावर ठेवलं.

पुढे कारखान्यातल्या एका नाणी जमवणाऱ्या सहकाऱ्याला मोहरेचं वर्णन सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला. अशा मोहरेची किंमत सोन्याच्या कितीतरी पट असते म्हणे. मी धावत सराफ्यात गेलो. "वो तो उसी हफ्ते गल गई, भिया." पैशाची हळहळ महिनाभर टिकली असेल. पण आत्याच्या अंगठ्याखालची अक्षरं मी वितळवली, ही खंत अजून जात नाही. मला माझीच लाज वाटते.

पुढच्या दिवाळीला निघण्याआधी मी कात्रीने पाकीट कापलं आणि उघडं नाणं घेऊन धारला गेलो. आत्याने पानावर आधीच एक सुपारी मांडली होती. मी नाणं तिच्या हातात ठेवलं. तिने ते दोन्ही बाजूंनी चाचपलं, मग पाकीट कुठे आहे ते विचारलं.

"फाडलं गं, तुझ्यासाठी."

"अरे, कशाला फाडलंस? तुझं नुकसान झालं ना, बाळ," असं म्हणून तिने नाणं माझ्या मुठीत परत दिलं आणि सुपारीला कुंकू लावलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर फार बरं झालं असतं.