भिंतीतल्या डब्यातला साबण

काकूंची ‘शी’ ऐकल्याशिवाय काकू कळायच्या नाहीत. साधी ‘शी’ असते ती जाता जाता, माशी उडवावी तशी. मोठी असते ती नाकात सुरू होते, घशात एक गिरकी घेते आणि पदर ओठांवर आला की संपते: ‘शीऽऽ बाई!’ आणि एक असते बिनआवाजाची. तिच्यात नुसत्या नाकपुड्या मिटतात आणि काकूंची नजर समोरच्याच्या बुटांवर जाऊन बसते. ही सगळ्यांत वाईट. पोस्टमनला ती एकदा मिळाली होती, तेव्हापासून तो पत्रं खालच्याच मजल्यावर टाकून पळतो.

पण घर चालतं ते याच नाकावर. साबणाच्या कारखान्यात माल बाहेर जाण्याआधी वास घ्यायचं काम काकूंचं. वडी मोडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ‘गुलाब कमी पडलाय,’ नाहीतर ‘तेल खवट आहे, परत पाठवा.’ तिथे त्यांना काकू कुणी म्हणतच नाही. ‘नाक आलं का?’ ‘नाक आज रजेवर आहे, गाडी भरू नका!’

आणि नशीब बघा, नवरा मिळाला लिफ्ट दुरुस्त करणारा. काका संध्याकाळी येतात ते कोपरापर्यंत ग्रीस माखून. दारातच झडती.

‘कशाला हात लावू नका. कडीलासुद्धा नाही.’

‘अगं, फक्त बेल वाजवली.’

‘कशाने?’

‘कोपराने.’

‘मग या.’

मुलगी नोकरीसाठी दूर गेली, तेव्हापासून दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच उरलं होतं. रविवार तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा जायचा. काका पेपर वाचायचे, काकू नळ घासायच्या.

मग काकांना जिओकॅशिंगचा नाद लागला. म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि त्याचा ठावठिकाणा साइटवर टाकतं. आपण मोबाइल बघत बघत जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही ठोकायची, एखादी बारकी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. पहिल्याच डब्यात काकूंना एक चघळलेलं पेन, एक बटण आणि कुणाचा तरी रुमाल मिळाला. वापरलेला.

‘दुसऱ्याचा डबा उघडायचा म्हणजे दुसऱ्याचा शेंबूड पुसायचा,’ काकूंनी जाहीर केलं. ‘मी येणार नाही.’

‘मग आपला ठेवू,’ काका म्हणाले. ‘तुला हवा तसा.’

तळ्याकाठी पाणी खेचायचं एक जुनं, बंद पडलेलं पंपघर आहे. त्याच्या मागच्या भिंतीतली एक वीट निघते. तिथे काकूंनी झाकणाला क्लिपा असलेला प्लास्टिकचा डबा ठेवला. दर रविवारी दोघं चालत जाऊन तो बघून येत. काकू रबरी हातमोजे चढवून डबा पुसायच्या, वहीचं पान तपासायच्या आणि निघताना आत कारखान्यातल्या साबणाचा एक वाकडा तुकडा ठेवायच्या. ‘उघडणाऱ्याला जरा माणसात आल्यासारखं वाटेल.’ जाताना काकू कारखान्यातल्या मॅनेजरची नक्कल करायच्या, येताना काका लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या आरोळ्या काढून दाखवायचे. तळ्याच्या वाटेवर दोघांना एवढं बोलायला कुठून सुचायचं, देव जाणे.

आणि मग साइटवर तक्रारी यायला लागल्या. ‘डबा ओलसर.’ ‘वहीचा कोपरा गायब.’ शेवटी एकाने लिहिलं, ‘हात घातला, आत काहीतरी हललं. मी निघालो.’

काकूंनी तो मजकूर त्या माणसाच्या कापऱ्या आवाजात दोनदा वाचून दाखवला आणि मग पेटल्या. ‘हललं म्हणे! स्वतः वडापावचे तेलकट हात घेऊन येतात. लिहा हो तुम्ही: येणाऱ्यांनी आपली घाण आपल्या घरी ठेवावी.’ काकांनी निमूट लिहिलं. काकूंनी साबणाचा तुकडा मोठा केला. पुढच्या रविवारी काका एका अडकलेल्या लिफ्टवर होते, त्याच्या पुढच्या रविवारी काकूंना सर्दी.

तेवढ्यात साइट सांभाळणाऱ्यांचा निरोप आला: या रविवारपर्यंत डबा नीट केला नाही तर तो साइटवरून काढून टाकू.

‘राहू दे मग,’ काका पेपरमागून म्हणाले. ‘मी रविवारची जादा ड्युटी घेतो.’

काकूंना एकदम तो जुना रविवार आठवला. पेपर आणि नळ.

‘काढून टाकतात कसे बघते,’ त्या म्हणाल्या. ‘उठा.’

वीट काढली आणि आधी वासच बाहेर आला. डब्याचा एक कोपरा कुरतडून मोकळा झालेला. काकांनी झाकण उघडलं. वहीचा भुगा करून त्याचं घरटं केलेलं, ते मुताने पिवळं पडलेलं, त्यावर तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, आणि कडेला एका झुरळाची मागची अर्धी बाजू. पुढची कुणीतरी खाल्ली होती.

‘शीऽऽ बाई! शी शी शी! कुणी टाकलं खायला यात? चॉकलेट टाकलं असणार. बिस्किट! ही माणसं आहेत की...’

घरट्याच्या मधोमध एक मळकट गोळा होता. त्यावर दातांच्या बारीक रेघा. काकू वाकल्या. रबरात त्यांना वास कळत नाही, म्हणून सवयीने हातमोजा निघाला, गोळा चिमटीत आला आणि नाकाशी गेला. डोळे मिटले.

‘लॅव्हेंडर,’ काकूंच्या तोंडून निघून गेलं. ‘जास्त झालेलं. मीच बाद केलं होतं.’

काकांनी गोळ्यावरच्या दातांच्या रेघांकडे बोट दाखवलं.

‘उंदीर साबण खातात?’

‘चरबी असते ना. मिटक्या मारत खातात.’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘खेळाच्या नियमांतच आहे. वासाचं काही ठेवायचं नाही.’

‘आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?’

‘बोललो असतो तर आली असतीस? साबणाशिवाय?’

काकूंच्या नाकपुड्या मिटल्या. ती तिसरी, बिनआवाजाची. पण नजर या वेळी काकांच्या बुटांकडे न जाता काकूंच्याच चपलांवर जाऊन बसली. चिमटीतला गोळा गळून पडला.

काकांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. घट्ट झाकणाचा. लिफ्टचे नट ठेवायचा.

‘हा कधी आणलात?’

‘बरेच दिवस पिशवीत आहे. म्हटलं, तुझ्या तोंडून निघतं का बघू.’

‘काय?’

‘हे डब्याचं बंद करू नका म्हणून.’

‘चावट मेले,’ म्हणत काकूंनी डबा नाकाला लावला. पुन्हा लावला. ‘कशाचाच वास नाही. कशाने धुतलात?’

‘नुसत्या गरम पाण्याने.’

‘साबणाशिवाय!’ काकूंच्या अंगावर काटा आला. तरी त्यांनीच त्यात नवी वही घातली. घाण पिशवीत कोंबून गाठ मारली ती काकांनी, उघड्या हातांनी. थोड्या वरच्या बाजूला एक सैल वीट सापडली, तिथे डबा बसला. काकांनी करंगळीने मोबाइल दाबत साइटवर जागा बदलल्याचं टाकलं.

‘आणि लिहा,’ काकू म्हणाल्या. ‘घाण येणाऱ्यांची नव्हती. चूक डबा ठेवणाऱ्यांची.’

‘ठेवणारीची.’

‘ठेवणाऱ्यांची! गप्प कोण बसलं होतं?’

घरी येताना दोघंही हात अंगापासून लांब धरून चालत होते. दारात पोचल्यावर काकूंनी सवयीने हुकूम सोडला, ‘कशाला हात लावू नका.’ काकांनी कोपराने बेल वाजवली. आत कुणी असतं तर दार उघडलं असतं.

‘किल्ली?’

‘खिशात.’

‘कुणाच्या?’

‘माझ्या. आतल्या.’

काकूंनी आपल्या चिमटीकडे पाहिलं, मग काकांच्या दोन्ही हातांकडे.

‘शीऽऽ बाई!’ त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून हात खिशात घातला.