पिवळा दिवा आणि दत्ता

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

माकणीत आमची झेंडूची शेती आहे. फुलं तुळजापूरला जातात. त्यासाठी मी एक पिकअप घेतली होती, जुनीच, पण ऐटबाज. चालवायचा दत्ता, माझा चुलतभाऊ. गाडी त्याच्याच दारात उभी असायची, चावी त्याच्याच खुंटीला.

शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर, ऐन थंडीत, स्टेअरिंगपुढं एक पिवळा दिवा लागायला लागला. टायरच्या चित्राचा. सकाळी गाडी चालू केली की थोडा वेळ लुकलुकायचा, मग जळतच राहायचा. म्हणजे हवा कमी — एवढंच मला ठाऊक. हवा भरून आम्ही निघायचो. दुपारी उन्हात परत निघताना दिवा नसायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा आहेच!

मला एकच वाटलं — हवा कुणीतरी सोडतंय. आणि गाडी कुणाच्या दारात? त्याच दिवसांत दत्ता दुसऱ्या एका फूलवाल्याबरोबर चहा पिताना दिसला होता. आम्हाला उशीर झाला की त्या माणसाचा माल आधी खपायचा. झालं. मला आणखी काही लागलंच नाही.

पंक्चरवाल्यानं मीटर लावून सांगितलं, "मालक, चारी चाकांत हवा बराबर हाय." तिथंच थांबायला हवं होतं ना? पण तो पडला दत्ताचा दोस्त. म्हटलं, हाही सामील. दत्ता लवकर आला तर का आला, उशिरा आला तर कुठं होता, गप्प बसला तर काय लपवतोय — मी त्याचं नुसतं चालणंबोलणं तपासत राहायचो.

शेवटी एका सकाळी डेअरीपुढं, सगळे दूध घालायला आलेले असताना, मी विचारलं, "दत्ता, कुणाच्या सांगण्यावरनं हवा सोडतूस रं?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "दादा, म्या? आपल्याच गाडीची?"

आपल्याच, म्हणाला तो. त्यानं चावी बॉनेटवर ठेवली आणि चालत गेला.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. माणूस चुकतो, रागात बोलतो. माझं खरं पुढंच आहे.

त्या संध्याकाळी गाडी मी माझ्या आवारात उभी केली, फाटकाला कुलूप घातलं. सकाळी चालू केली — दिवा लुकलुकला. मग जळत राहिला.

मी तसाच बसून राहिलो. दत्ताचं घर गल्लीच्या पलीकडं. चालत गेलो असतो तरी... गेलो नाही. माल पोचवून थेट सोलापूर गाठलं.

तिथल्या मेकॅनिकनं चाक काढलं, टायर रिमवरून सोडवला. आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीपेक्षा लहान अशी काळी डबी होती. म्हणाला, "हा सेन्सर. आतली हवा मोजून गाडीला कळवतो. ह्याचा सेल संपत आलाय. थंडीत बंद पडतो, चाक तापलं की पुन्हा चालतो. हवा खरंच कमी असली तर दिवा सरळ लागतो. आधी लुकलुकला, तर सेन्सरच बिघडलाय समजायचं." सेल वेगळा बदलता येत नाही, डबीच नवी लागते. बाकीच्याही तेवढ्याच जुन्या, म्हणून चारही बदलल्या. मग हातातलं यंत्र एकेका चाकाजवळ धरून त्यानं नव्या सेन्सरची गाडीशी जोडणी केली. दिवा विझला.

गावात लोकांनी विचारलं, काय झालं दिव्याचं? मी म्हणालो, "दत्ता गेल्यापासनं लागला न्हाय."

सोलापूरचं नाव काढलं नाही. लोकांनी माना हलवल्या. जे आधी दत्ताच्या बाजूनं होते, त्यांनीही.

त्यानंतर आसपास कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. तो कळंबला गेला, धान्याच्या बाजारात पोती उचलायला लागला. एवढा हलक्या हाताचा ड्रायव्हर! काकू, म्हणजे त्याची आई, एकदा माझ्या दारात आली. म्हणाली, "बाबा, चुकून बोललो, एवढं तरी म्हण चारचौघांत."

मी म्हणालो, "काकू, दिवा काय खोटं बोलतू व्हय?"

कसं निघालं ते तोंडातून? पण निघालं. ती परत कधी आली नाही. गेल्या वर्षी वारली. लेकाबद्दल काय समजून गेली, मला माहीत नाही. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

दत्ता तिच्या दिवसांना आला होता. सगळं आटोपल्यावर आम्ही चौघंपाचजण त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो. तो पायरीवर चढत असताना कुणीतरी मागून म्हणालं, "दत्ता, यष्टीची हवा सोडू नको बरं का!"

सगळे हसले. दत्तानं वळून पाहिलं — त्या बोलणाऱ्याकडं नाही, माझ्याकडं.

मीही हसलो.