बापूकाकांचा डावा गाल

बापूकाका अर्धीच दाढी करायचे. उजवा गाल रोज सकाळी गुळगुळीत आणि डाव्यावर जंगल. दर्पण कॉलनीत उजवीकडून येणारा माणूस त्यांना "नमस्ते साहब" म्हणायचा आणि डावीकडून येणारा "जय सियाराम, बाबा". काका दोघांनाही सारख्याच गांभीर्याने आशीर्वाद द्यायचे.

हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घराणं दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात आलेलं. तलवारी कधीच्याच गेल्या, काका इंदरगंजच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण बोलणं शेवटपर्यंत मोहिमेवरचंच राहिलं. त्यांच्या डाव्या बाजूची चेहऱ्याची नस बिघडली होती. वारा लागला, घास चावला, नुसता हात लागला, तरी गालात वीज कडाडायची. आधी दातच दुखतोय असं समजून दोन चांगल्या दाढा उपटून झाल्या. "बिनकसूर शहीद झाल्या बिचाऱ्या," काका म्हणायचे, "आणि गुन्हेगार आत मोकळा फिरून राहिलाय!" गोळ्यांनी वीज कमी व्हायची, पण मग काका वाक्याच्या मधेच झोपायचे आणि उठून वाक्य पुरं करायचे.

खरं दुःख होतं रंगपंचमीचं. कॉलनीतले बाकीचे लोक धुळवडीला रंग खेळून, न्हाऊन मोकळे होतात. आम्ही मराठी मंडळी मागाहून उठतो आणि त्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर पुन्हा चाल करून जातो. या चालीचे सेनापती काका. "ज्याच्या गालाला हात लावता येत नाही, तो आपला कसला?" हा त्यांचा सिद्धांत. आता तोच सिद्धांत त्यांच्यावर उलटला होता. रंगपंचमीला ते आतून कडी लावून बसायचे. काकू दारात सांगायची, "झोपलेत." तेवढ्यात आतून आवाज यायचा, "मागून घेरा त्याला, मागून!" आणि मग एक "आई गं".

शेवटी कुणीतरी दिल्लीच्या रेडिओसर्जरीचं सुचवलं. काकूने सोबतीला मला धाडलं, कारण घरात मी धीराचा समजला जातो. डॉक्टरांनी नीट सांगितलं : कापाकापी नाही, डोक्याला एक चौकट बसवायची आणि नसेच्या मुळावर किरणांचा नेम धरायचा. आराम हळूहळू, काही आठवड्यांनी पडतो. बऱ्याच जणांना पडतो, सगळ्यांना नाही. गाल बधिर होऊ शकतो, दुखणं परतही येऊ शकतं.

"आप क्या उम्मीद लेकर आए हैं?" त्यांनी विचारलं.

"गाल पे गुलाल लगवाना है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अधिकृत खुलासा तेवढाच.

चौकट चार स्क्रूंनी डोक्याला बसवतात. जागा आधी सुई देऊन बधिर करतात खरी, पण बघणाऱ्याला सुई देत नाहीत. "कस के लगाइए सिस्टर, पुराने वाले सब ढीले हैं," काका सांगत होते. दुसऱ्या स्क्रूला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा चौकटीतले काका खुर्चीतून माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "पहले इनका कर दीजिए."

घरी आलो आणि कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. वीज कडाडतच होती. "किरणं येताना वाटेत आग्र्यालाच उतरली वाटतं," काका म्हणायचे, पण त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता. काकूने उपास वाढवले. आणि मग एके दिवशी काका न्हाणीघरातून दोन्ही गाल साफ करून बाहेर आले. डाव्या गालावरून रक्त ओघळत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. वेदना गेली होती, तिच्याबरोबर स्पर्शही गेला होता. चटणी गालाला लागली तरी काकूला खुणा कराव्या लागत. "वीज गेली, लाइनही कापली गेली," काका हसून सांगायचे. "चलो, सौदा बुरा नहीं."

त्या रंगपंचमीला काका अंगणात खुर्ची टाकून, डावा गाल पुढे करून बसले. अख्खं कुटुंब मुठीत गुलाल घेऊन उभं, पण पुढे कोणी होईना. इतकी वर्षं त्या गालाला जपायची सवय.

"ये रे, धीरवान!" काकांनी मला हाक मारली. मी गेलो आणि त्यांच्या पायाला गुलाल लावून परत आलो.

शेवटी काकू पुढे झाली. काकांनी डोळे मिटून घेतले. तिने बोटांनी गुलाल त्यांच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवला.

"लाव ना गं," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच.

"लावला की हो."

काकांनी डोळे उघडले. शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशात वाकून पाहिलं. गाल लालभडक. मग त्यांनी आरसा वळवून नीट स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

"परत लाव," ते काकूला म्हणाले. "या वेळी मी बघतो."