पायपुसण्यांचा रस्ता

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींइतका रस्त्याशी भांडलेला माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. आम्ही अबूधाबीत राहायला गेलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. अंगात ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट आणि पायांत घोट्याच्या वरपर्यंत चढलेले जाडजूड बूट. "मी वरचा. मूळ मिरजेचा," एवढीच ओळख करून देऊन त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे एखादं जुनं पायपुसणं आहे का?" परदेशात पहिल्या दिवशी शेजारी फार तर विरजण मागेल, एवढीच माझी तयारी होती. मी म्हटलं, एकच आहे आणि तेही पुण्याहून आणलेलं नवंकोरं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "काही हरकत नाही. जुनं झालं की सांगा." आणि पुढे जिन्यात भेटले की माझ्या सासूबाईंची विचारावी तशी त्या पायपुसण्याची प्रकृती विचारत राहिले.

प्रकरण असं होतं, की भाऊजींची बायको नर्स होती. वाळवंटाच्या कडेला लिवा नावाचं गाव आहे, तिथपर्यंत डांबरी सडक होती. त्यापुढे वाळवंटात बरंच आत खजुरांच्या बागांची एक वस्ती होती आणि तिथल्या छोट्या दवाखान्यात त्या राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, भाऊजीसुद्धा. ते स्वतः शहरात एका एसीच्या कंपनीत पार्ट्सचा विभाग सांभाळायचे. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दुपारी ऑफिस सुटलं की जीप काढायची, अंधाराच्या आत पोचायचं आणि शुक्रवारी दुपारी जेवून परत फिरायचं, असा त्यांचा संसार. डांबर संपल्यावर पुढे रस्ता म्हणून जे होतं, ते वाऱ्याच्या मर्जीवर होतं. आज इथे असेल, पुढच्या गुरुवारी त्याच जागी टेकडी. तिथे चाक रुतलं की चाकाखाली काहीतरी सारावं लागतं, आणि त्या बाबतीत भाऊजींनी सगळे प्रयोग करून झाले होते. फळी मोडते, गोणपाट चाकाला गुंडाळलं जातं, पण काथ्याचं पायपुसणं जे टायरला धरतं, त्याला तोड नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे शहरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांतली झिजलेली पायपुसणी त्यांच्या जीपमध्ये जमा व्हायची. त्यांच्या स्वतःच्या दाराशी मात्र एकही नव्हतं. आलेला पाहुणा पायाची वाळू घेऊन थेट सोफ्यापर्यंत जायचा.

त्यांचं दुसरं वेड हवेचं. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची असते, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. ही गोष्ट तिकडे गाडी हाकणाऱ्या कुणालाही ठाऊक असते, पण भाऊजींनी तिचं तत्त्वज्ञान केलं होतं. कुणाचा बॉस छळतो, कुणाची सासू राहायला येतेय, कुणाचा मुलगा नापास झालाय, सगळ्याला एकच उपाय. "थोडी हवा काढा. ताठ चाकच रुततं." एकदा माझी मुलगी खाली कंपाउंडमधल्या वाळूत सायकल ढकलत होती, तर यांनी न विचारता तिच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. ती रडवेली होऊन म्हणाली, "अंकल, धिस इज नॉट अ डेझर्ट." भाऊजी तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले आणि मग खिशातून पंप काढून मुकाट्याने हवा भरून दिली. खिशात पंप बाळगणारा माणूस त्याआधी मी पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडायची. तेव्हा "सिस्टर कशा आहेत?" असं विचारून उपयोग नसायचा, "आहेत" एवढंच उत्तर मिळायचं. "कसा होता रस्ता?" असं विचारावं लागे. मग माणूस खुलायचा. रस्ता छान होता, वारा पडला होता, म्हणजे भेट छान झालेली असायची. रस्ता खराब होता, म्हणजे त्या ड्यूटीवर अडकल्या आणि धड जेवणही एकत्र झालं नाही. एका उन्हाळ्यात सिस्टरना कावीळ झाली, तेव्हा हे लिफ्टच्या कोपऱ्यात उभं राहून नुसतं म्हणाले, "रस्त्याचं काही खरं नाही, वहिनी." तळमजला आला तरी बाहेर पडायचं त्यांना सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, वारा केव्हा पडेल? "बघू. इन्शाल्ला," म्हणाले.

एकदा त्यांच्या आग्रहामुळे आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. डांबर संपलं तिथे त्यांनी उतरून चारही चाकांची हवा काढली, मूठभर वाळू उचलून बोटांतून सोडली आणि "यल्ला" म्हणून निघाले ते थोड्याच अंतरावर रुतले. मग पायपुसणी निघाली. त्यात आमचं पुण्याचंही होतं. आदल्याच महिन्यात ते जुनं झाल्याचा निर्णय भाऊजींनी परस्पर घेतला होता. माझ्या नवऱ्याने जीप ढकलली आणि आम्ही दोघी मायलेकी मागून पायपुसणी गोळा करत धावलो. वस्तीवर पोचलो तेव्हा सिस्टर दाराशी उभ्याच होत्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, पदर खोचलेल्या. आता काही प्रेमाचं बोलणं ऐकायला मिळेल म्हणून मी कान टवकारले. त्यांनी विचारलं, "रस्ता?" भाऊजी म्हणाले, "बरा." झालं, खलास. पण सकाळी उठून पाहते तर अंगणातल्या दोरीवर आमची सगळी पायपुसणी धुऊन वाळत घातलेली. दर शुक्रवारी त्या ती धुवायच्या आणि निघताना घडी करून जीपमध्ये ठेवायच्या. पायपुसण्याची घडी होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी सिस्टरना विचारलंच, की हे सगळं सोडून शहरात का येत नाही? त्या म्हणाल्या, "इथल्या पोरी बाळंतपणाला माझ्याकडे येतात. रस्ता नसताना मी गेले, तर त्यांनी जायचं कुठे? रस्ता होऊ दे, मग मी मोकळी." भाऊजींचंही हेच म्हणणं. त्यांनी बायकोला नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही. त्यांनी सगळी आशा रस्त्यावर ठेवली होती. डांबर वस्तीपर्यंत पोचलं की आजारी माणसं मोठ्या इस्पितळात नेता येतील, दवाखान्याची गरज उरणार नाही आणि सिस्टर घरी येतील.

आणि एक दिवस खरंच तिथे मोठा पिवळा फलक लागला. हायवेचं काम सुरू झालं. भाऊजी वर्षानुवर्षं सरकारी कचेरीत तक्रारअर्ज पाठवत आले होते; आपल्याच तक्रारींमुळे ते सुरू झालं, याबद्दल भाऊजींच्या मनात शंका नव्हती. लोक शुक्रवारी समुद्रावर जातात, तसे हे गुरुवारी वाटेत थांबून खडी बघायचे. रोलर चालवणाऱ्या पठाणाला त्यांनी बेसनाचे लाडू खिलवले. तो दर वेळी म्हणायचा, "हबीबी, दो महीना." पण ते दोन महिने काही संपेनात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी त्या रस्त्याला. वाऱ्याने भराव उडाला, आखणी बदलली, कंत्राटदार बदलला, आणि वळणवाटा इतक्या झाल्या की जुनी वाट बरी होती म्हणायची पाळी आली. शेवटी भाऊजींनी युक्ती काढली, की पाण्याच्या टँकरमागे जायचं, त्याला वाट ठाऊक असणारच. टँकरला वाट ठाऊक होती, पण ती त्याच्या कँपची. भाऊजी इमाने-इतबारे त्याच्या मागोमाग कामगारांच्या कँपमध्ये पोचले, रात्री त्यांची डाळ-रोटी खाऊन तिथेच झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरच्या दाराशी उगवले. म्हणजे परतायच्या वेळेला. सिस्टर म्हणाल्या, "हात धुवा, जेवा आणि निघा." शनिवारी मी विचारलं, कसा होता रस्ता? "डाळ चांगली होती," म्हणाले.

पुढे नवं शतक उजाडल्यावर केव्हातरी रस्ता झाला. काळाभोर, दुपदरी, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब आणि उंट येऊ नयेत म्हणून कुंपण. ठरल्यासारखा दवाखाना बंद झाला आणि सिस्टर दोन ट्रंका घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जेवायला बोलावलं, श्रीखंड केलं. भाऊजींनी जीप विकून एक छोटी बसकी गाडी घेतली आणि दाराशी पहिल्यांदाच पायपुसणं टाकलं, माझ्या मुलीने दिलेलं, वेलकम लिहिलेलं. मला वाटलं, गोष्ट संपली; गोड झाली.

त्यानंतरच्या एका शनिवारी लिफ्टमध्ये मी सवयीने विचारलं, "कसा आहे रस्ता?" भाऊजींनी तळमजल्याचं बटण दाबलं. मग म्हणाले, "रस्ता उत्तम आहे, वहिनी. तिचं काही खरं नाही." इतक्या वर्षांत बायकोबद्दल ते सरळ बोलले ते पहिल्यांदा. सिस्टर दिवसभर गॅलरीत बसायच्या. दार वाजलं की कुणी बोलवायला आलं म्हणून उठायच्या, आणि दाराशी दूधवाला असायचा. भाऊजी म्हणाले, "वस्तीवरच्या पोरी अजून तिला विचारतात. शुक्रवारी घेऊन जातो मी. पण रस्ता इतका गुळगुळीत, की गेलो आणि आलो. चहा पिऊन झाला की ही म्हणते, निघू या, आपलं काय काम आता इथे. पाहुण्यासारखी बसते हो तिथे."

हायवे करून द्या म्हणून भांडता येतं, तो थोडा कमी करा असं सांगायला कुणाकडे जायचं?

मग एका गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात भाऊजी, पायांत पुन्हा ते जाडजूड बूट. "वहिनी, एखादं जुनं पायपुसणं आहे का?" मी म्हटलं, भाऊजी, आता कशाला? रस्ता तर झाला. ते जरा ओशाळले. म्हणाले, "वस्तीच्या अलीकडे डांबरावरून खाली उतरतो मी. वाळूत. हवा काढत नाही." मला काही समजेना. "म्हणजे रुतते गाडी. मग त्या पोरी येतात, त्यांची पोरं येतात, सगळे मिळून ढकलतात. सिस्टर सगळ्यांना कामाला लावते, कुणाचा पाय सुजलाय ते तिथेच बघते. निघेनिघेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग मुक्कामच पडतो."

"त्यांना कळत नाही, तुम्ही मुद्दाम करता ते?"

"काय की," भाऊजी म्हणाले. "सकाळी उठून पायपुसणी धुते."

माझ्याकडे जुनं नव्हतं. दाराशी होतं ते नवंच उचलून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून काथ्या तपासला, पसंतीची मान हलवली आणि घाईने जिना उतरले. खाली गाडीत सिस्टर केव्हाच्या येऊन बसल्या होत्या.