गिधाडांसाठी टाळी

आज कॅमेऱ्याचं चामडी कव्हर उघडलं, बुरशीचा वास आला आणि नानाकाकांवरचा जुना राग पुन्हा उफाळला.

शिरपूरच्या रस्त्याकडेला मेलेल्या बैलाभोवती निदान लाखभर गिधाडं बसली होती. रोलमध्ये एकच फोटो उरलेला. वासाने डोकं गरगरत होतं, तरी मी श्वास रोखून रांगत पुढे गेलो. गिधाडांच्या पाठी आमच्याकडे बघून मागून नाना कुजबुजले, "भाऊ, बठ्ठा पाठ करीसन बठेल शेतस. फोटोमा तोंड कसं यी?"

"नाना, गप बसा!" म्हणेपर्यंत त्यांनी स्टुडिओवाल्यासारखी दणदणीत टाळी वाजवली. "ए, इकडे देखा रे!"

आभाळ काळं झालं. दचकून मी कॅमेऱ्यासकट मागे वळलो आणि माझं बोट बटणावर पडलं.

आता त्या रस्त्याला गिधाड औषधालाही सापडत नाही. नातवंडं विचारतात, गिधाड कसं असतं? मी फोटो दाखवतो. त्यात नुसते नाना आहेत, टाळी वाजवताना, डोळे मिटलेले.