कळंबाची नातीगोती

आमच्या वन्संशी ज्याचं एकदाही वाजलेलं नाही असा कुणी या बोरिवलीत असेलच, तर तो माणूस नसून झाड असणार. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतात आणि एका प्रयोगशाळेत इमारती लाकडाच्या झाडांची नाती शोधतात. साग, शिसव, ऐन, कळंब, सगळ्यांची. झाडाच्या पेशीत म्हणे काही ठरावीक खुणा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. पानाच्या एवढ्याशा तुकड्यातून त्या वाचल्या की कोण कुणाचं पोर आणि कोण कुणाचा भाऊ ते कळतं. माणसांच्या नात्यांत मात्र त्यांना काडीची गती नाही. सख्ख्या मावशीच्या सुनेला तिच्याच डोहाळजेवणात त्यांनी ‘आपण कुणाकडच्या?’ असं विचारलं होतं.

त्यांचा फ्रिज भरला की वाळवलेल्या पानांची पाकिटं माझ्या फ्रिजमध्ये येतात. एकदा घाईत त्यातली ऐनाची पानं मी तमालपत्र समजून मसालेभातात टाकली. जेवणं झाल्यावर उलगडा झाला, तेव्हा आमचे हे पोट धरून बसले आणि वन्सं डोकं धरून. “तुमच्या पोटाचं काय घेऊन बसलीस? ते झाड घाटात आहे, तिथे परत कोण चढणार?” असं म्हणून त्या जिना आपटत वर गेल्या. दुसऱ्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला त्यांचा फोन वाजला आणि भरल्या घरात त्या ओरडल्या, “काय सांगतेस! बाप सापडला? ओढ्यापलीकडचा निघाला?” हातातली वाणं हातातच राहिली. बायकांची तोंडं बघून वन्संनी खुलासा केला, “सागाचा गं. बी कुठल्या झाडाखालून उचललं ते माहीत असतं, म्हणजे आई कळते. पराग माश्या कुठून आणतात कुणास ठाऊक, त्यामुळे बाप शोधावा लागतो.” पुढच्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला गर्दी दुप्पट झाली.

भांडण्याचा त्यांना कंटाळा म्हणून नाही. एका मोठ्या साहेबांनी सागाच्या रोपांची नवी बाग दाखवून कौतुकाचे चार शब्द लिहून मागितले, तर वन्संनी पानं तपासून सांगितलं, “ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत. एक रोग आला की सगळी एकदम आडवी. मी सही करणार नाही.” साहेबांनी बढती अडवली. वन्संनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन अभिनंदन केलं, “झाडांचा रोग नाही तर नाही, माझी बढती तरी अडवता आली तुम्हाला.”

अशा या वन्संची गाठ पडली ती भांडुपच्या आजोबांशी. माझ्या लेकीने, मानसीने, केदारला पसंत केलं होतं, मुलगा चांगला, घर चांगलं. भांडुपहून त्याचे आईवडील आणि मूळचे मालवणकडचे आजोबा बैठकीला आले. पोहे झाले, चहा झाला आणि आजोबांनी विचारलं, “तुमचा देवक कसला?” देवक म्हणजे कुळाचं झाड, लग्नात त्याची डहाळी पुजतात. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक करत नाहीत. आमचं देवक कळंब. आजोबांनी कप खाली ठेवला. “आमचाही कळंब. म्हणजे आमी भाऊबंदच. ह्या लगीन होवचा नाय.” केदार तोंड उघडणार तोच त्याच्या वडिलांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. आतल्या खोलीत मानसी हुंदके देऊन रडत होती, आणि खरं सांगते, बाहेर मीसुद्धा पदर तोंडाला लावून बसले होते.

वन्सं उठल्या. “आजोबा, मला थोडे दिवस द्या. तोवर नाही म्हणू नका.”

त्यांनी रजा टाकली, आमच्या गावी गेल्या, त्यांच्या गावी गेल्या, आणि ज्या कळंबांच्या डहाळ्या पिढ्यानपिढ्या लग्नांत पुजल्या त्यांचीच पानं घेऊन आल्या. मग एका रविवारी आम्हा सगळ्यांना घेऊन भांडुपला धडकल्या आणि टीपॉयवर रंगीत रेघांचा कागद पसरला. “हे तुमचं कळंब, हे आमचं. मी सगळ्या खुणा तपासल्या. हे दोघं एकमेकांचे कुणी लागत नाहीत. भाऊ नाहीत, चुलतभाऊ नाहीत, लांबचेसुद्धा नाहीत.”

“अगो, पण ह्या झाडांचा झाला. माणसांचा काय?”

“नातं तुम्ही झाडावरून धरलंत ना? मग मी झाडालाच विचारलं. आता झाडाचं ऐकणार नसाल तर देवक म्हणून त्याच्या पाया पडता कशाला?”

मला वाटलं, लागली वाट. आजोबांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि कळलं की म्हातारा हसतोय. “झाडांचाच नाता नाय, तर पोरांचा खंयसून येतला? जा, सुपारी फोडा.” मानसीने सगळ्यांदेखत वन्संना मिठी मारली.

घरी आल्यावर मी चहा घेऊन वर गेले. “वन्सं, एक विचारू? ती झाडं नातलग निघाली असती तर?”

“तरी लग्न लावलंच असतं. भांडून लावलं असतं.”

“मग एवढं गावोगाव हिंडलात कशाला?”

“अगं, आपल्या माणसांना पुष्कळदा हो म्हणायचंच असतं. पण त्यांच्या हातात काही कारण लागतं. माझ्या वेळी बाबांच्या हातात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.”

इतकी वर्षं या घरात काढली, पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. “त्यांचं देवकही कळंबच होतं?” मी विचारलं.

“कळंबच. चेंबूरला असतो आता. मुलं मोठी झाली त्याची.”

माझे डोळे भरून आले. वन्संना ते दिसलं, पण रागावल्या नाहीत.

“बाबा एकदाच नाही म्हणाले,” त्या म्हणाल्या, “आणि मी मुकाट्याने ऐकलं. त्यानंतर मग मी कुणाचंच ऐकलं नाही.”